कुड्याची दुसरी बाटली

१

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत, आणि खोटं आहे हे ठाऊक असून खाली सही केलीत.

तुमचं नाव मी इथं घालत नाही. भ्यालो म्हणून नव्हे. नाव घातलं की तुम्ही अब्रूचा दावा ठोकणार, वकील उभे करणार आणि मूळ गोष्ट त्या कागदांखाली दडपणार. तुम्ही कोण ते तुम्हांला कळतंय, तेवढं बस्स.

तुमचं पत्र सांगलीला विश्रामबागेत येऊन पडलं तेव्हा मी उखळापाशी होतो. मी आकाराम. शाळा मराठी चौथी. पुढची शाळा ब्रह्मदेशातल्या लष्करी इस्पितळाच्या तंबूत, आजाऱ्यांची भांडी उचलता उचलता. माझ्या तंबूत गोळी लागलेले वाचले आणि रक्ती आवेचे गेले. लढाई संपल्यावर घरी आलो आणि विजयमालाबाईंच्या प्रयोगशाळेत साल कुटायला लागलो.

प्रयोगशाळा म्हणजे बाईंच्या वडिलांच्या बंगल्यामागचा गोठा. गव्हाणीवर फळ्या टाकल्या, झालं टेबल. त्या टेबलापाशी उभं राहून बाईंनी अकरा वर्षं एकाच झाडाच्या मागे घालवली. पांढरा कुडा. आवेवर कुड्याची साल उगाळून देतात हे आपल्याकडं घराघरांत माहीत आहे. पण कधी ती लागू पडते, कधी नाही, आणि किती द्यावी याला माप नाही. डॉक्टरांची एमेटीनची सुई लागू पडते, पण काळजावर बसते. बाईंनी सालीतलं कडू सत्त्व वेगळं काढलं, त्याचे पांढरे खडे पाडले, माप बसवलं. साताऱ्याच्या एका दवाखान्यात, देशी औषधं तपासणाऱ्या तुमच्या समितीच्या नजरेखाली, चाळीस आजाऱ्यांना ते द्यायचं ठरलं. पहिल्या वीस जणांना एक बाटली, पुढच्या वीस जणांना दुसरी.

पहिल्या बाटलीवर विसांतले सतरा उठून घरी गेले.

दुसऱ्या बाटलीवर एकही नाही. उलट नाथाजी म्हणून अठ्ठावीस वर्षांचा गडी, माझ्यासारखाच पलटणीतून सुटून आलेला, तिथंच खाटेवर गेला.

सात नोव्हेंबर १९४६ च्या तुमच्या पत्रातलं मी शब्द न् शब्द देतो: 'दुसऱ्या बाटलीतील पदार्थ पांढऱ्या कुड्याचा नसून निरुपयोगी अशा काळ्या कुड्याचा होता. त्यास कडवटपणा नव्हता असे सर्व रुग्ण सांगतात. संशोधिकेने खोटी साल वापरल्याचे तीस तारखेपर्यंत लेखी मान्य करावे व कुड्यावरील काम थांबवावे. अन्यथा स्पिरिटचा परवाना रद्द होईल.'

स्पिरिट बंद म्हणजे गोठ्याचा पुन्हा गोठा. सही केली तर गोठा राहील, पण अकरा वर्षांचं औषध मेलं आणि बाई खोट्या ठरल्या.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. घडी घातली आणि खलाखाली सरकवलं.

"आकाराम, तीस तारखेला किती दिवस आहेत?"

"अठरा."

"दुसऱ्या बाटलीत मी जे भरलं ते खरं होतं. त्यांच्या आजाऱ्यांना जे मिळालं ते कडू नव्हतं. मधे कुठंतरी काहीतरी झालं. साल, सत्त्व, बाटली, चमचा. एकेक पायरी धरून जाऊ. तुम्ही जाल?"

"जातो की. पर बाई, कुनी केलं आसंल तर?"

"कोणी केलं ते मागून बघू. आधी कुठं झालं ते शोधा."

२

पहिली पायरी घरातच होती. बाईंची एक रीत आहे: प्रत्येक खेपेचं तोळाभर सत्त्व छोट्या शिशीत भरून, लाखेनं तोंड बंद करून कपाटात ठेवायचं. दुसऱ्या खेपेची शिशी काढून तपासली की निम्मं कोडं सुटणार होतं.

तपासायचं कसं, तेही सांगतो, कारण ते मी रोज करत होतो. साल स्पिरिटात भिजवून निथळून घेतली की सालीत सत्त्व उरलंय की नाही ते बघावं लागतं. त्या निचऱ्याचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं आणि वरून टॅनिनचे चार थेंब सोडायचे. टॅनिन म्हणजे बाईंच्या बाटलीतली पिवळसर पूड, पाण्यात कालवलेली. सत्त्व असलं तर नळीत दूध नासावं तसं चोथापाणी होतं. नळी स्वच्छ राहिली तर साल रिकामी, उकिरड्यावर टाका. वीस वेळा दिवसातून मी ते करायचो.

बाईंनी कपाट उघडलं. पहिल्या खेपेची शिशी होती. तिसऱ्या खेपेची होती. मधली जागा मोकळी.

कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक बाईंच्या कमरेला, दुसरी बाळासोकडं. बाळासो बाईंचा मदतनीस, कॉलेज शिकलेला, कोल्हापुरी चप्पल घालून टेबलाशी उभा राहायचा आणि माझ्याशी बोलताना नेहमी घड्याळाकडं बघायचा.

"बाळासो, शिशी कुठंय?" बाई म्हणाल्या.

"मला काय माहीत? असेल तिथंच."

"तिथं नाही."

"मग उंदरांनी पाडली असेल. इथं काय कमी उंदीर आहेत? या आकारामला विचारा, सालीचे भारेसुद्धा कुरतडतात."

ते मात्र खरं होतं. प्रत्येक भाऱ्यात वरची एक पट्टी कुरतडलेली असायची. पण लाख लावलेली काचेची शिशी खाणारा उंदीर मी ब्रह्मदेशातसुद्धा पाहिला नव्हता. बाळासोच्या कपाळावर थंडीच्या दिवसांत घाम होता.

मी त्याचं मनगट धरायला पुढं झालो. बाईंनी हातानं थांबवलं.

"आधी साल," त्या म्हणाल्या. "हा इथंच आहे, पळत नाही. उद्याची मोटार धरा आणि वाईला जा."

मी दुसऱ्या खेपेच्या उरलेल्या भाऱ्यातली वरची पट्टी खिशात घातली आणि निघालो. बाळासो पळणार नाही असं बाई म्हणाल्या होत्या. मला तशी खात्री नव्हती.

३

कोळशावर चालणारी सर्व्हिस मोटार, प्रत्येक चढाला उतरून ढकलायची. दुसऱ्या दिवशी वाईला पोचलो. इलियासभाई अत्तार यांची वखार घाटाकडं जाणाऱ्या गल्लीत. जावळीच्या डोंगरातलं सगळं त्यांच्याकडं उतरतं: मध, शिकेकाई, साली, मुळ्या, आणि माणूस बुडेल एवढे हिरड्याचे ढीग.

"या आकारामभाऊ. बाईंची चिठ्ठी न्हाई, तुमीच आलाय. म्हंजे काम वाकडं दिसतंय."

मी पत्रातला काळ्या कुड्याचा मजकूर सांगितला. त्यांनी पानाची पिंक टाकली.

"काळा कुडा हाय की माझ्याकडं. का नसावा? बसा." त्यांनी दोन साली आणून माझ्या हातावर ठेवल्या. सुकल्यावर दोन्ही सारख्याच, मातकट. "डोळ्यानं वळखा बघू."

"न्हाई वळखत."

"आता दाताखाली धरा."

एकीनं कानशिलं बधिर झाली, इतकी कडू. दुसरी नुसती लाकूड.

"कडू ती बाईंची. आता तुमी म्हणाल, इलियासनं भेसळ केली. करता आली असती, खोटं कशाला बोलू? पर बाईंचा भारा राहीबाई मेढ्याच्या डोंगरावरनं बांधून देती, त्याची गाठ मी सोडत न्हाई. पावती बघा, तोलून तसाच गाडीवर. गाठ सोडली का न्हाई ते तिलाच इचारा. म्हातारीची गाठ दुसऱ्या कुनाला बसत न्हाई."

"आन् ह्यो एवढा हिरडा कुठं जातो?"

"बोटीनं विलायतेला. कातडी कमवायला लागतो. आमच्या हिरड्यावर साहेबाचा बूट हुबा हाय, भाऊ." आणि ते स्वतःच्याच बोलण्यावर खो खो हसले.

मी हसलो आणि ती गोष्ट तिथंच सोडून दिली. साहेब, माझा मूर्खपणा मी लपवत नाही. उत्तर माझ्या गुडघ्यापर्यंत पसरलं होतं आणि मी त्यात उभा होतो.

मेढ्याच्या वरच्या अंगाला राहीबाईचं खोपट. साठीची बाई, हातात कोयती, अंगानं बारीक.

"तू बाईंचा मानूस व्हय? बस रं लेकरा. त्या बऱ्या हायत न्हवं?"

"मावशी, तुमची साल खोटी व्हती म्हणत्यात सातारचं साहेब."

ती उठलीच. "कोन मुडदा म्हणतोय? आनतोस का त्याला हितं? मी झाडाला आदल्या दिशी सांगून येती, हळद लावती, मग कोयती लावती. एका अंगाचीच साल काढती, झाड मरू ने म्हनून. आन् दात लावल्याबिगर आमी भारा बांधत न्हाई."

"दात लावल्याबिगर?"

"माझ्या सासूनं घालून दिल्यालं हाय. परत्येक भाऱ्यात वरची एक पट्टी चावून बघायची. कडू लागली तरच गाठ मारायची. काळा कुडा, पांढरा कुडा एकाच रानात. सुकल्यावर देवालाबी उमगायचा न्हाई."

मी खिशातली पट्टी काढली. तिच्यावर दातांचे व्रण होते, मधे एका दाताची जागा कोरी.

"हे उंदरानं कुरतडलंय असं आमी समजत व्हतो, मावशी."

तिनं पट्टी हातात घेतली, शेजारची ओली साल उचलून कचकन चावली आणि दोन्ही माझ्यासमोर धरल्या. तेच व्रण. मधे तीच कोरी जागा. मग तोंड उघडून पुढचा पडलेला दात दाखवला आणि हसली.

"बग की तुझा उंदीर."

साल खरी होती. दुसऱ्या खेपेची गाठ मी स्वतः सोडली होती, आणि ती तिचीच होती. डोंगरावर काही झालं नव्हतं, वाईला नव्हतं. म्हणजे झालं ते आमच्याच गोठ्यात. आणि गोठ्यात घाम फुटलेला माणूस एकच होता.

४

सांगलीला पोचलो तर बाळासो पळाला नव्हता. बाईंसमोर स्टुलावर बसला होता, चप्पल पायाबाहेर.

"आकारामला सांग," बाई म्हणाल्या.

"मी शिशी चोरली." तो फळीकडं बघून बोलला. "मुंबईला एका औषधाच्या कारखान्यात जागा निघाली होती. मी काय काम करतो ते दाखवायला शिशी पाठवली. अर्जासोबत."

"स्वतःचं काम म्हणून?"

"हो."

मी हात उगारला. बाईंनी मला थांबवलं नाही, पण एक कागद पुढं केला. मी थांबलो. कारखान्याचं उत्तर आलं होतं. बाईंनी वाचून दाखवलं: नमुना कुड्याच्या सत्त्वाचाच, कमालीचा शुद्ध, असे खडे आमच्याकडे कोणी पाडू शकलेलं नाही, उमेदवारानं भेटीस यावं.

"या माणसानं मला लुबाडलं," बाई म्हणाल्या, "आणि लुबाडता लुबाडता माझी साक्ष काढून आणली. दुसऱ्या खेपेचं सत्त्व परक्यांनी तपासलं, आणि ते खरं निघालं."

"बाई, मी लिहून देतो," बाळासो म्हणाला. "शिशी तुमच्या कामाची होती असं. त्यांनाही आणि समितीलाही."

"देशीलच. आत्ता, इथं बसून. मग जायचं तिकडं जा."

तो लिहीत बसला. मी मनाशी पायऱ्या लावत होतो. साल खरी. सत्त्व खरं. बाटली बाईंनी स्वतः भरली, तोंडावर लाख ओतली, त्यावर आपला अंगठा दाबला. मग ती बाटली साताऱ्याला नेली कोणी?

बाईंनी माझ्याकडं बघितलं. बाळासोनंही लिहिता लिहिता मान वर केली.

बाटली नेणारा मी होतो.

"विचारा की," मी म्हटलं. "मलाबी विचारा."

"विचारते. वाटेत बाटली हातावेगळी झाली?"

"कराडात मोटार बिघडली. दोन तास झाडाखाली बसलो. बाटली मांडीवर."

"दवाखान्यात दिलीत तेव्हा लाख शाबूत होती?"

"कंपाउंडरनं माझ्यादेखत फोडली. पावतीवर तसं लिवलंय."

त्यांनी पावती काढून पाहिली. बराच वेळ पाहिली. मला खोटं बोलायची सवय नाही, पण तेवढ्या वेळात माझेच हात मला परके वाटले.

"ठीक," त्या म्हणाल्या. "मग एकच पायरी उरली. बाटलीपासून तोंडापर्यंतची."

५

साताऱ्याच्या त्या दवाखान्यात लालासाहेब कंपाउंडर. तीस वर्षं त्याच खोलीत, नाकावर चष्मा, टेबलावर तराजू. मला बघताच त्यांनी वही पुढं सरकवली.

"बघा हवालदार, बघायचं तेवढं बघा. एकबी खाडाखोड न्हाई."

मी हवालदार नव्हतो कधी, पण राहू दिलं. वहीत वीस नावं, रोजचं माप, वेळ. शेवटचा रकाना 'इतर औषध'. वीसच्या वीस ठिकाणी 'नाही'.

"दुसरी बाटली हाय का उरल्याली?"

त्यांनी कपाटातून काढली. तळाला बोटभर खडे होते. मी बोट ओलं करून एक खडा जिभेवर ठेवला.

कानशिलं बधिर झाली.

मी तिथल्या बाकावर बसलो. साहेब, समजून घ्या. बाटली कडू होती. डोंगरापासून या कपाटापर्यंत सगळं कडूच होतं. आणि वीस माणसं सांगतात, औषध कडू नव्हतं. वीस आजारी माणसं एकाच वेळी खोटं बोलत नसतात. म्हणजे कडू गेलं ते या कपाटापासून त्या खाटेपर्यंत. वीस पावलांत.

"औषध पाजतंय कोन?"

"मेहरुनबी. आमची आया."

मेहरुनबी वॉर्डाच्या दारात चादरी पिळत होती. रुंद अंगाची, तोंडानं फटकळ.

"म्या पाजायची. का? माझ्यावर घालताय का आता? नाथाजीचं डोस्कं माझ्या मांडीवर व्हतं जाताना, भाऊ. कुनी साहेब न्हवता तितं."

"तुमच्यावर घालत न्हाई, मावशी. नुसतं सांगा, कसं पाजायचा?"

"पयल्या वीस जनांना पान्यातनं. थुकायचे मेले. माझ्या लुगड्यावर. येकजन तर म्हनला, मेलो तर मेलो पर ह्ये नगं. मग दुसऱ्या वीस जनांना काढ्यातनं. ते मुकाट्यानं घ्यायचे. जरा तुरट लागायचं, बस."

"कसला काढा?"

"हिरड्याचा. आवेवर दुसरा कसला देत्यात?"

माझ्या डोक्यात काहीतरी हललं, पण अजून जागेवर बसलं नाही. "पावडर टाकल्यावर काढा कसा दिसायचा?"

"नासल्यागत. खाली चोथा बसायचा गच्च."

"आन् त्यो चोथा?"

ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू हा पुरुष कधी चुलीपाशी गेलाच नाही.

"आवं, काढा काय चोथ्यासकट देत्यात? गाळून द्यायचा. फडक्यातनं. चोथा मोरीत."

मी उठलो. तिच्याकडून वाटीभर हिरड्याचा काढा मागून घेतला. कंपाउंडरच्या खोलीत गेलो, बाटलीतलं सत्त्व काचेच्या पेल्यात पाण्यात विरघळवलं. स्वच्छ पाणी. लालासाहेबांना म्हटलं, चाखा. त्यांनी चाखलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. मग वरून काढा ओतला.

दूध नासावं तसं चोथापाणी झालं.

नळीत टॅनिन टाकल्यावर रोज बघायचो तेच. कातडं कमावतं ते टॅनिन, आणि विलायतेला कातडी कमवायला जातो तो हिरडा, त्यातही तेच भरलेलं. मी ते फडक्यातून गाळलं आणि निथळलेलं पाणी त्यांच्यापुढं धरलं.

"आता चाखा."

त्यांनी चाखलं. पुन्हा चाखलं. "तुरट हाय," ते म्हणाले. "कडू न्हाई."

"कडू ह्या फडक्यात हाय. औषध ह्या फडक्यात हाय. वीस मानसांचं औषध तुमच्या मोरीनं प्यालं, लालासाहेब."

ते खाली बसले. चष्मा काढला.

"आन् वहीत 'इतर औषध नाही' असं का लिवलं?"

"हिरडा?" त्यांचा आवाज बारीक झाला. "हिरडा काय औषध हाय व्हय? त्यो घरातला. उद्या इचारशीला, मीठ का न्हाई लिवलं."

यात ते खोटं बोलत नव्हते. माझ्या आईनंही लिहिलं नसतं. मेढ्यापासून मिरजेपर्यंत कोणी लिहिलं नसतं.

पण एक गोष्ट उरली होती. तीस वर्षं मापात न चुकलेला कंपाउंडर पाण्याऐवजी काढा आपल्या मनानं देत नाही.

"हुकूम कुनाचा?" मी विचारलं.

लालासाहेबांनी उठून दार लावून घेतलं.

६

चष्म्याच्या डबीत, मखमलीच्या अस्तराखाली, चौपदरी घडी घातलेली चिठ्ठी होती.

"आठ आक्टोबरला साहेब तपासणीला आल्ते," ते म्हणाले. "पयल्या वीस जनांतला शेवटचा थुकताना त्यांनी बघितला. म्हनले, ही काय पद्धत झाली? आन् हुबं राहूनच लिवून दिलं."

चिठ्ठीत दोनच ओळी आहेत, साहेब, तुमच्या अक्षरात: 'रुग्ण औषध थुंकतात. उद्यापासून हिरड्याच्या काढ्यातून द्यावे.' खाली तुमची सही, तारीख आठ.

इथंपर्यंत मी तुम्हांला माफ करायला तयार होतो. खरंच सांगतो. मेहरुनबीनं गाळलं, लालासाहेबांनी लिहिलं नाही, तुम्ही हुकूम दिलात. तिघांनीही आजाऱ्यांची कीव करूनच केलं. अशी चूक आपल्याच मुलखात होणार, जिथं हिरडा प्रत्येक फडताळात असतो. पण लालासाहेब पुढं बोलले.

"नाथाजी एकुणतीसला गेला. दोन नोव्हेंबरला साहेबांचा शिपाई आला. म्हनला, आठ तारखेची चिठ्ठी परत द्या. मी म्हनलं, चुलीत गेली."

"दिली का न्हाई?"

"तीस वर्सं नोकरी केलीया, गड्या. साहेब आपली चिठ्ठी परत मागाय लागला, तवा ती जपून ठेवायची असती." त्यांनी ती माझ्या हातात ठेवली. "पेन्शनीला आठ म्हैनं हायत माझ्या. पर त्या पोराला मीच मापून दिलं. घेऊन जा."

मी ती घेऊन सांगलीला आलो. बाईंनी स्वतःच्या हातानं सगळं पुन्हा केलं: पाणी, काढा, चोथा, फडकं. मग चोथा आंबट पाण्यानं हळूहळू सोडवून त्यातून सत्त्व परत काढलं. संध्याकाळपर्यंत बशीत पांढरे खडे होते. मी म्हटलं, जिंकलो बाई. त्या हसल्या नाहीत.

"दवाखान्याला पाठवलेल्या सूचनांत मी माप लिहिलं, वेळ लिहिली. तुरट काही देऊ नये असं लिहिलं नाही. रोज तुमच्याकडून टॅनिन टाकवत होते, आणि हिरड्याची आठवण मला झाली नाही. ती चूक माझी. ती मी समितीला लिहिणार आणि नाथाजीच्या घरीही जाऊन सांगणार."

"आन् तीस तारखेची सही?"

"खोटी साल वापरली असं मी लिहिणार नाही. राहीबाईच्या दातांवर मी चिखल उडवू? परवाना काढून घेऊ देत. स्पिरिट नसेल तर आंबट पाण्यात साल भिजवून बघीन. सत्त्व कमी निघेल, वेळ दुप्पट लागेल. लागू दे. आणखी वीस आजारी मागितलेत मी, आणि या वेळी प्रत्येक पेला माझ्या डोळ्यांसमोर भरला जाईल."

त्यांनी त्याच रात्री नव्हे, त्याच घटकेला नवी चिठ्ठी लिहायला घेतली, बाटलीवर लावायची. दुसऱ्या दिवशी नाथाजीच्या गावी गेल्या. मी बरोबर होतो. काय बोलणं झालं ते इथं लिहिणार नाही. ते तुमच्यासाठी नाही. नाथाजीच्या आईनं शेवटी एकच विचारलं, त्या साहेबाला हे ठाऊक हाय का? म्हणून मी लिहितो आहे.

आज एकोणतीस तारीख. सूचनांतल्या चुकीचा बाईंचा कबुलीजबाब, बाळासोचं पत्र, कारखान्याचं पत्र, राहीबाईच्या दाताच्या दोन पट्ट्या आणि काढ्याच्या प्रयोगाची हकीकत सकाळच्या टपालानं तुमच्याकडं निघाली आहे. तुमची आठ तारखेची चिठ्ठी पाठवलेली नाही. ती माझ्यापाशी आहे, आणि शिपाई पाठवू नका.

तुम्ही सात तारखेला लिहिलंत की साल खोटी होती. साल खोटी असती तर ती पाण्यातून दिली काय आणि काढ्यातून दिली काय, सारखंच होतं. काढ्याच्या हुकमाला तुम्ही भ्यायचं काही कारण नव्हतं. मग ते पत्र लिहिण्याच्या पाच दिवस आधी, नाथाजीचा दहावाही झाला नसताना, तुम्हांला ती चिठ्ठी परत कशाला हवी होती?

लांबण नको. समितीच्या भाषेत नको. नाथाजीच्या आईला वाचून दाखवता येईल असं, सहीनिशी, उत्तर द्या.